शेवटची ओळ काय म्हणते? ओरॅकलच्या बॅकअप-एररवर वाचकांचे प्रश्न

या वेळी ओरॅकल डेटाबेसच्या १९५०० च्या पुढच्या कोडांवर आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत. बॅकअप, रिस्टोअर, डेटाफाइल (डेटा ज्यात साठतो ती फाइल) इकडून तिकडे नेणे, ब्लॉक चेंज ट्रॅकिंग (डेटाफाइलचे कोणते तुकडे, म्हणजे ब्लॉक, बदलले याची नोंद) आणि रिकव्हरी एरिया (बॅकअप आणि लॉग ठेवायची जागा) यांचे एरर याच पट्ट्यात येतात. आदेश नेहमीप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टंकताना अर्थातच रोमन अक्षरे, आणि एसक्यूएल किंवा आरमॅनचा (ओरॅकलचे बॅकअप-रिस्टोअरचे साधन, कोडांत ‘आरएमएएन’) आदेश असेल तर शेवटी अर्धविराम.

प्रश्न (नाशिक): आरमॅनचा बॅकअप फसला की पडद्यावर दहा-बारा ओळी एकदम येतात. त्यातला नेमका कोणता कोड शोधायचा?

खालून वर वाचा. आरएमएएन-००५७१, ००५६९ आणि पुन्हा ००५७१ या सुरुवातीच्या ओळी म्हणजे नुसती चौकट आहे, तो एरर नव्हे. त्याखालचा आरएमएएन-०३००९ कोणत्या चॅनेलवरचे (बॅकअप लिहिणाऱ्या जोडणीवरचे) कोणते काम थांबले तेवढेच सांगतो. मग ओआरए-१९५०२ येतो: फाइलवर लिहिता आले नाही. त्याखाली ओआरए-२७०७२, आणि त्याखाली लिनक्सचा स्वतःचा क्रमांक. खरे कारण तिथे असते. अगदी तळाला ‘अॅडिशनल इन्फॉर्मेशन’ म्हणून जे सुटे आकडे येतात ते सोडून द्या.

लिनक्सचे पाच क्रमांक लक्षात ठेवले तरी बरेच काम भागते. २ म्हणजे फाइल किंवा डिरेक्टरी नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २७ म्हणजे फाइल फार मोठी, २८ म्हणजे डिस्क भरली, १२२ म्हणजे डिस्कवरचा कोटा संपला. यातला २७ लोकांना चक्रावतो, कारण डिस्कवर भरपूर जागा दिसत असते. बॅकअप एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या यूएसबी डिस्कवर जात असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. डिस्क ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसमध्ये फॉरमॅट करा. ते जमत नसेल तर ‘कॉन्फिगर चॅनेल डिव्हाइस टाइप डिस्क मॅक्सपीससाइज ३जी’ देऊन तुकडे लहान करा.

लिनक्स किंवा युनिक्सवर ‘ओईआरआर ओआरए १९५०२’ असे टंकले की त्या कोडचे कारण आणि उपाय तिथेच छापून येतो. इंटरनेटवर शोधत बसण्याआधी हे करावे.

प्रश्न (कोल्हापूर): विंडोज सर्व्हरवर झेड ड्राइव्ह म्हणून नेटवर्कवरचा फोल्डर जोडला आहे. त्यात मला हाताने फाइल टाकता येते, पण आरमॅन ओआरए-१९५०४ आणि ओआरए-२७०४० देतो. खाली ‘ओएस ३’ असे येते. फोल्डर तर समोर दिसतो आहे!

तुम्हाला दिसतो, ओरॅकलला दिसत नाही. जोडलेला ड्राइव्ह हा लॉगिन केलेल्या माणसापुरता असतो. बॅकअपची फाइल आरमॅनची काळी खिडकी लिहीत नाही, डेटाबेसची सर्व्हर प्रोसेस लिहिते, आणि ती विंडोज सर्व्हिस म्हणून वेगळ्या खात्यावर चालते. त्या खात्याच्या दृष्टीने झेड नावाचे काही अस्तित्वातच नाही, म्हणून ‘ओएस ३’, म्हणजे मार्ग सापडला नाही.

दोन गोष्टी करा. फॉरमॅटमध्ये ड्राइव्हचे अक्षर न देता दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क मार्ग द्या. आणि ओरॅकलची सर्व्हिस ज्या खात्यावर चालते त्या खात्याला शेअरची आणि एनटीएफएसची अशा दोन्ही परवानग्या द्या. एकच दिली तर मार्ग सापडेल, पण ‘ओएस ५’ येईल, म्हणजे प्रवेश नाकारला.

लिनक्सवरही हाच नियम आहे. फाइल ‘ओरॅकल’ या ओएस वापरकर्त्याच्या नावाने लिहिली जाते, तुमच्या नावाने नाही. तिथे एनएफएस (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) वापरत असाल आणि तळाला ओआरए-२७०५४ दिसला, तर परवानग्या तपासण्यात वेळ घालवू नका. माउंट करतानाचे पर्याय चुकले आहेत. त्यात ‘हार्ड’ हवेच, ‘सॉफ्ट’ चालत नाही. ‘आरसाइज’ आणि ‘डब्ल्यूसाइज’ किमान ३२७६८ ठेवा.

प्रश्न (सोलापूर): रिकव्हरी एरिया भरला, ओआरए-१९८०९ आणि १९८०४ आले, डेटाबेस अडकला. जुने आर्काइव्ह लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या साठवलेल्या नोंदी) लिनक्सच्या आरएम आदेशाने काढले. डिस्कवर ६० जीबी मोकळे झाले, तरी एरर तसाच! आता रात्रीच्या बॅकअपमध्ये आरएमएएन-०६०५९ आणि ओआरए-१९६२५ हेही यायला लागले.

दोन्ही त्रासांचे मूळ तो आरएम आहे. रिकव्हरी एरियाचा हिशेब डिस्कवर नसून कंट्रोल फाइलमध्ये (डेटाबेसच्या फाइलींची नोंदवही) असतो. ‘डीबी_रिकव्हरी_फाइल_डेस्ट_साइज’ ही कागदावरची मर्यादा आहे. ओएसच्या आदेशाने फाइल पुसली तर कंट्रोल फाइलला त्याचा पत्ताच लागत नाही. तिच्या लेखी ती फाइल अजून जागा अडवून बसली आहे. म्हणून १९८०९ तसाच राहतो. रात्री आरमॅन त्याच नोंदीवर विसंबून तो लॉग बॅकअपला घ्यायला जातो, तिथे काही नसते, म्हणून १९६२५.

आरमॅनमध्ये आधी ‘क्रॉसचेक आर्काइव्हलॉग ऑल’, मग ‘डिलीट एक्स्पायर्ड आर्काइव्हलॉग ऑल’. पहिला आदेश प्रत्येक नोंद डिस्कशी ताडून पाहतो, दुसरा हरवलेल्यांच्या नोंदी काढतो. यानंतर ‘व्ही$रिकव्हरी_एरिया_युसेज’ बघा, टक्केवारी उतरलेली दिसेल. लगेच पूर्ण बॅकअप घ्या. पुसलेल्या लॉगचा बॅकअप झालेला नसेल तर जुन्या बॅकअपवरून त्या खंडाच्या पुढे येता येणार नाही. नवा बॅकअप होईपर्यंत तुम्ही उघड्यावर आहात.

पुढच्या वेळी डेटाबेस अडकला की आधी सिसडीबीए (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून आत जा (लॉग लिहिणे अडल्याचा ओआरए-००२५७ असतानाही तो दरवाजा उघडा असतो) आणि डिस्कवर जागा असेल तर ‘ऑल्टर सिस्टम सेट डीबी_रिकव्हरी_फाइल_डेस्ट_साइज’ने मर्यादा वाढवा. काम सुरू होईल. मग ‘डिलीट आर्काइव्हलॉग ऑल बॅक्ड अप १ टाइम्स टू डिस्क’ असा आरमॅनमधूनच निचरा करा. एवढे करूनही जागा सुटत नसेल तर कुणी गॅरंटीड रिस्टोअर पॉइंट (डेटाबेस मागे नेण्याची हमी देणारी खूण) करून विसरले आहे का ते ‘व्ही$रिस्टोअर_पॉइंट’मध्ये पाहा. तो असेपर्यंत मागे जाण्यासाठीचे फ्लॅशबॅक लॉग हलत नाहीत. अपग्रेडच्या आधी केलेला आणि नंतर कुणालाच न आठवलेला पॉइंट हे फार नेहमीचे कारण आहे.

आणि हो, अलर्ट लॉगमध्ये ८५ टक्के झाल्यावर ओआरए-१९८१५ येऊन गेलेला असणारच. तो वाचायची व्यवस्था ठेवा.

प्रश्न (पुणे): ब्लॉक चेंज ट्रॅकिंग चालू केले तेव्हा इन्क्रिमेंटल बॅकअप झटपट व्हायचे. दर महिन्याच्या १ तारखेला लेव्हल ० (पूर्ण), रोज रात्री डिफरेन्शियल लेव्हल १ (आदल्या बॅकअपनंतरचे बदल) आणि महिन्याच्या मध्यावर एक क्युम्युलेटिव्ह (लेव्हल ० पासूनचे सगळे बदल), असे वेळापत्रक आहे. क्युम्युलेटिव्हला मात्र लेव्हल ० इतकाच वेळ लागतो. एरर काहीच नाही.

याच विषयावर मस्कतहून: उत्पादन सर्व्हरचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर केला. ‘ओपन रिसेटलॉग्स’ (लॉग नव्याने सुरू करून डेटाबेस उघडणे) करताना ओआरए-१९७५१, १९७५० आणि २७०४० आले. डेटा गेला का?

दुसऱ्या पत्राचे उत्तर आधी, कारण तिथे घाई आहे. डेटा गेलेला नाही. ट्रॅकिंग फाइलमध्ये तुमचा डेटा नसतोच. कोणते ब्लॉक बदलले याच्या खुणा फक्त असतात. तिचा मार्ग कंट्रोल फाइलमध्ये लिहिलेला असतो, आणि कंट्रोल फाइल जुन्या मशीनवरून आली आहे. नव्या मशीनवर ती डिरेक्टरी नाही, म्हणून फाइल तयार करता आली नाही: १९७५१. फाइलचे नाव १९७५० च्या ओळीत छापलेले असते. असलेली फाइल उघडता आली नाही तर १९७५५ येतो, उपाय तोच.

डेटाबेस माउंट अवस्थेत (कंट्रोल फाइल वाचलेली, पण डेटाबेस न उघडलेला) ठेवा. ‘व्ही$ब्लॉक_चेंज_ट्रॅकिंग’मधून स्टेटस आणि फाइलनेम पाहा. मग ‘ऑल्टर डेटाबेस डिसेबल ब्लॉक चेंज ट्रॅकिंग’ द्या आणि पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा ‘रिसेटलॉग्स’ दिल्यावर ओआरए-०११३९ आला तर घाबरू नका. पहिल्या प्रयत्नात रिसेटलॉग्स होऊन गेले आहे, आता साधे ‘ऑल्टर डेटाबेस ओपन’ पुरते. उघडल्यावर ‘ऑल्टर डेटाबेस एनेबल ब्लॉक चेंज ट्रॅकिंग यूझिंग फाइल’ लिहून नवा मार्ग द्या. त्या जागी जुनी फाइल पडलेली असेल तर शेवटी ‘रीयूज’ जोडा. चाचणीपुरते मशीन असेल तर ट्रॅकिंग पुन्हा चालू करायची गरजही नाही.

फाइल शाबूत असताना फक्त जागा बदलायची असेल तर बंद-चालू करू नका, खुणा पुसल्या जातात. डेटाबेस बंद करा, फाइल ओएसमधून हलवा, माउंट करा, ‘ऑल्टर डेटाबेस रीनेम फाइल’ने जुने आणि नवे नाव द्या, उघडा. आरएसीमध्ये (एकच डेटाबेस अनेक मशीनवर, म्हणजे नोडवर, चालवायची रचना) ही फाइल सर्व नोडना दिसेल अशा सामायिक स्टोरेजवरच हवी. एका नोडच्या स्थानिक डिस्कवर ठेवली तर पहिला नोड सुरळीत चालतो आणि दुसरा १९७५५ देतो. ओआरए-१९७५६ म्हणजे ट्रॅकिंग फाइलचाच ब्लॉक खराब झाला. ती दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, बंद करून नव्याने चालू करा. आरमॅन या फाइलचा बॅकअप घेत नाही आणि घ्यायची गरजही नसते.

आता पुण्याचे पत्र. ट्रॅकिंग फाइलमध्ये प्रत्येक डेटाफाइलसाठी आठच बिटमॅप (खुणांचे तक्ते) असतात. दोन बॅकअपच्या मधल्या काळातले बदल एका बिटमॅपमध्ये. लेव्हल ० नंतर सात डिफरेन्शियल झाले की आठही भरतात. पुढचा बदल नोंदवायला ओरॅकल सर्वांत जुना बिटमॅप पुसून वापरते. डिफरेन्शियलला याचे काही वाटत नाही, त्याला फक्त कालपासूनचे बदल हवे असतात. क्युम्युलेटिव्हला मात्र थेट लेव्हल ० पासूनचे सगळे हवे असतात, आणि त्यातला पहिला दुवाच गेलेला असतो. मग आरमॅन निमूटपणे सगळे ब्लॉक वाचतो. बॅकअप बरोबरच येतो, आकारानेही लहानच असतो, फक्त वेळ पूर्ण लागतो. म्हणून एरर नाही. तुमचा क्युम्युलेटिव्ह चौदा-पंधरा दिवसांनी येतो.

खात्री करायची तर ‘व्ही$बॅकअप_डेटाफाइल’मध्ये ‘युज्ड_चेंज_ट्रॅकिंग’, ‘ब्लॉक्स_रेड’ आणि ‘डेटाफाइल_ब्लॉक्स’ हे तीन रकाने एकत्र बघा. पहिल्यात ‘नो’ असेल किंवा वाचलेले ब्लॉक एकूण ब्लॉकांइतके असतील तर तो बॅकअप ट्रॅकिंगशिवाय झाला.

उपाय वेळापत्रकात आहे. लेव्हल ० दर रविवारी घ्या आणि सोमवार ते शनिवार सहा डिफरेन्शियल. लेव्हल ० आठवड्याला परवडत नसेल तर क्युम्युलेटिव्ह सातव्या डिफरेन्शियलच्या आधी आणा. मध्येच दुसऱ्या कुणाच्या स्क्रिप्टने लेव्हल १ घेतला तर तोही एक बिटमॅप खातो, हे हिशेबात धरा. बिटमॅपांची संख्या वाढवणारा एक छुपा पॅरामीटर आहे, पण ओरॅकल सपोर्टने सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नये असे आमचे मत.

ट्रॅकिंग नव्याने चालू केल्यावर पुढचा लेव्हल १ पूर्ण वाचूनच होतो. लगेच फायदा मिळायचा तर आधी नवा लेव्हल ० घ्या.

जागेची भीती बाळगू नका. फाइल १० एमबीने सुरू होते आणि १० एमबीनेच वाढते. एका इन्स्टन्सला ढोबळमानाने डेटाच्या तीस हजाराव्या भागाएवढी जागा लागते, म्हणजे ३०० जीबीपर्यंत १० एमबी. मात्र प्रत्येक डेटाफाइलला, ती केवढीही असो, ३२० केबी लागतात. हजार लहान लहान डेटाफाइल असतील तर ३०० एमबीच्या वर जाईल.

आणखी एक: ही सोय एंटरप्राइझ एडिशनची आहे. स्टँडर्डवर आदेश दिला तर ओआरए-००४३९ येईल. स्टँडबायवर (मूळ डेटाबेसच्या राखीव प्रतीवर) चालू करायची तर अॅक्टिव्ह डेटा गार्डचा परवाना हवा.

प्रश्न (पणजी): डीबीएमएस_फाइल_ट्रान्सफर या ओरॅकलच्या पॅकेजच्या पुट_फाइलने एका सर्व्हरवरून दुसरीकडे फाइली पाठवतो. डेटाफाइल जातात, पण सीएसव्हीची झिप फाइल पाठवली की ओआरए-१९५०५ आणि ओआरए-२७०४६ येतो. फाइल खराब नाही, परवानगीही आहे.

फाइलचा आकार ५१२ ने भागून बघा. हे पॅकेज ५१२ बाइटच्या पटीतल्याच फाइली स्वीकारते, कमाल २ टीबी. डेटाफाइल ब्लॉकांची बनलेली असल्याने आपोआप पटीत असते. झिप किंवा मजकुराची फाइल तशी असणे हा निव्वळ योगायोग. २७०४६ हेच सांगतो.

अशा फाइलींसाठी एससीपी (एका सर्व्हरवरून दुसरीकडे फाइल पाठवण्याचा ओएसचा आदेश) सरळ आहे. ओएसचा प्रवेश नसेल आणि डेटाबेस लिंकवरूनच पाठवायचे असेल तर पाठवणाऱ्याकडून झिपऐवजी किंवा झिपभोवती साधा टार (फाइली न दाबता एकत्र बांधणारी फाइल) करून घ्या. टार स्वतः ५१२ बाइटच्या तुकड्यांनी बनतो, आणि नेहमीच्या मांडणीत १०,२४० बाइटच्या पटीत भरून निघतो. टार करताना ‘झेड’चा पर्याय देऊ नका, पुन्हा दाबला की पट गेली.

हेच पॅकेज वापरताना बाकी कुठे अडते तेही सांगतो. ठरलेल्या जागी त्याच नावाची फाइल असेल तर ती पुसून लिहिली जात नाही. ओआरए-१९५०४ सोबत २७०३८ येतो. आधीचा प्रयत्न अर्धवट तुटला असेल तर त्याचे अवशेष तिथे आहेत का बघा आणि ‘यूटीएल_फाइल.एफरिमूव्ह’ने काढा (ओरॅकलच्या स्वतःच्या स्टोरेजवर, म्हणजे एएसएमवर असेल तर एएसएमसीएमडीने). डिरेक्टरी ऑब्जेक्टचे (डेटाबेसमधले फोल्डरचे टोपणनाव) नाव लहान अक्षरांत दिले तरी चालते, पॅकेज ते मोठ्या अक्षरांत बदलून घेते. फाइलच्या नावाला ही सवलत नाही, लिनक्सवर ते जसेच्या तसे हवे. वाचण्याची परवानगी इकडच्या वापरकर्त्याला, आणि लिहिण्याची परवानगी लिंक ज्या वापरकर्त्याने पलीकडे जोडते त्याला लागते. नेमकी ही दुसरी परवानगी द्यायची राहून जाते.

चालू टेबलस्पेसची (डेटाफाइलींच्या गटाची) डेटाफाइल कधीही पाठवू नका. आधी ‘ऑल्टर टेबलस्पेस … रीड ओन्ली’, मग प्रत. पॅकेज फाइलकडे नुसती बाइटची रास म्हणून बघते. मध्येच बदललेल्या ब्लॉकांची प्रत कसलीही तक्रार न करता होईल, आणि निरुपयोगी असेल. मोठ्या फाइलीची प्रगती ‘व्ही$सेशन_लाँगऑप्स’मध्ये दिसते.

प्रश्न (अमरावती): ओआरए-१९५६६ मुळे बॅकअप दोन दिवस थांबला आहे. सेट मॅक्सकरप्ट दिले की चालतो असे वाचले. देऊ का?

आत्ता नको. १९५६६ म्हणजे फाइलमध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खराब ब्लॉक सापडले, आणि ती मर्यादा मुळात शून्य असते. मॅक्सकरप्ट वाढवला की बॅकअप ‘यशस्वी’ होतो, खराब ब्लॉकसकट. तुमचे धोरण रिडंडन्सी १ (एकच बॅकअप ठेवणे) असेल तर त्याच रात्री ‘डिलीट ऑब्सोलीट’ जुना चांगला बॅकअप काढून टाकेल, आणि त्या ब्लॉकची शेवटची धड प्रत जाईल. म्हणून सर्वांत आधी डिलीट ऑब्सोलीटचे काम थांबवा.

मग ‘बॅकअप व्हॅलिडेट चेक लॉजिकल डेटाबेस’ चालवा. याने काही लिहिले जात नाही, पण सर्व खराब ब्लॉक ‘व्ही$डेटाबेस_ब्लॉक_करप्शन’मध्ये जमा होतात. एंटरप्राइझ एडिशन आणि आर्काइव्हलॉग मोड असेल तर ‘रिकव्हर करप्शन लिस्ट’ द्या, तेवढेच ब्लॉक दुरुस्त होतात. डेटाबेस चालू राहतो. स्टँडर्डवर ही सोय नाही. तिथे ती डेटाफाइल ऑफलाइन करून रिस्टोअर, रिकव्हर आणि ऑनलाइन करावी लागेल. सिस्टम टेबलस्पेसची असेल तर डेटाबेस माउंटमध्ये आणून.

काही वेळा ‘डीबीए_एक्स्टेंट्स’मध्ये तो ब्लॉक कुठल्याच टेबलचा निघत नाही, ‘डीबीए_फ्री_स्पेस’मध्ये सापडतो. मग डेटा शाबूत आहे, पण बॅकअप तरी अडतो. त्या टेबलस्पेसमध्ये एक तात्पुरते टेबल करून त्या फाइलीतले एक्स्टेंट (सलग ब्लॉकांचे गट) त्याला द्या आणि तो ब्लॉक व्यापला जाईपर्यंत ओळी भरा. ब्लॉक नव्याने फॉरमॅट होतो. मग टेबल टाकून द्या आणि पुन्हा व्हॅलिडेट करा. खराब ब्लॉक परत परत, नव्या नव्या जागी येत असतील तर डेटाबेस सोडा. डिस्क, कंट्रोलर आणि मेमरी तपासायला द्या.

थोडक्यात

ओआरए-१९६०२ (जळगाव): डेटाबेस नोआर्काइव्हलॉग मोडमध्ये (आर्काइव्ह लॉग न ठेवता) आहे आणि उघडा असताना बॅकअप मागितला आहे. ‘शटडाउन इमिजिएट’, ‘स्टार्टअप माउंट’, ‘ऑल्टर डेटाबेस आर्काइव्हलॉग’, ‘ऑल्टर डेटाबेस ओपन’. मोड बदलायचा नसेल तर माउंटमध्येच बॅकअप घ्या, पण त्याआधी ‘शटडाउन अबॉर्ट’ केलेले नको. केले असेल तर एकदा नीट उघडून पुन्हा ‘इमिजिएट’ने बंद करा.

ओआरए-१९५७३ (ठाणे): वापरात असलेल्या डेटाफाइलवर रिस्टोअर करू पाहता आहात. फाइल ऑफलाइन करा किंवा डेटाबेस माउंटमध्ये आणा. फिजिकल स्टँडबायवर हा एरर आला तर तिथली मॅनेज्ड रिकव्हरी (मूळ डेटाबेसचे बदल सतत लावत राहणे) चालू आहे. ‘ऑल्टर डेटाबेस रिकव्हर मॅनेज्ड स्टँडबाय डेटाबेस कॅन्सल’ देऊन थांबवा, रिस्टोअर करा, पुन्हा सुरू करा.

ओआरए-१९५५४ आणि २७२११ (लातूर): टेपसाठीची मीडिया मॅनेजमेंट लायब्ररी लोड झाली नाही. चॅनेलच्या ‘एसबीटी_लायब्ररी’मध्ये दिलेला मार्ग, त्या फाइलवर ओरॅकल वापरकर्त्याची परवानगी आणि ती ६४ बिटची आहे ना, हे तपासा. त्याऐवजी ओआरए-१९५११ आला तर लायब्ररी लोड झाली आहे आणि तक्रार टेप सॉफ्टवेअरचीच आहे. त्याचा मजकूर एसबीटीआयओ.लॉगमध्ये मिळेल, तो त्या विक्रेत्याला पाठवा.